गुग्गुळाची परीक्षा

सायंकाळीं देवापुढें निखाऱ्यावर घातलेल्या गुग्गुळाचा वास आपल्यापैकीं पुष्कळांना बाळपणापासून परिचित असेल. त्याच गुग्गुळाला वैद्यकाच्या दरबारांत दोनदां साक्ष द्यावी लागली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

गुग्गुळ हा एका कांटेरी, खुरट्या झाडाचा डिंक. कच्छ व राजस्थान येथील रुक्ष भूमींत हें झाड वाढतें; खोडाला खांचा पाडल्या म्हणजे डिंक पाझरतो. सुश्रुतसंहितेंत स्थूलपणाचें जें वर्णन आहे, त्यांत मेद वाढून शरीरांतील मार्ग अडतात असें सांगितलें असून उपायांत गुग्गुळाचें नांव आहे.

१९६६ सालीं काशी हिंदु विश्वविद्यालयांत जी. व्ही. सत्यवती ह्या विदुषींनीं ह्याच वर्णनाच्या आधारें प्रबंध सादर केला. प्राचीनांचे अडलेले मार्ग आणि आधुनिकांच्या कोलेस्टेरॉलनें अडलेल्या रोहिण्या ह्यांतील साम्य त्यांनीं हेरलें. सशांना कोलेस्टेरॉलयुक्त अन्न देऊन पाहिलें, तेव्हां गुग्गुळ मिळालेल्या सशांच्या रक्तांत तें कमी वाढलेलें आढळलें. पुढें लखनौच्या केंद्रीय औषधि अनुसंधान संस्थेंत डिंकाचा अर्क सिद्ध झाला आणि ‘गुगुलिपिड’ ह्या नांवानें औषध भारतांत विकूं लागलें. ही पहिली साक्ष.

२००२ सालीं अमेरिकेंत त्याच्या कार्याची उपपत्तिहि सांपडली. यकृत कोलेस्टेरॉलचें पित्ताम्ल बनवितें. तें पुरेसें झालें म्हणजे पेशींतील एक ग्राहक-प्रथिन ह्या कामाला लगाम घालतें. गुग्गुळांतील ‘गुग्गुलस्टेरोन’ हें द्रव्य त्या ग्राहकालाच अडवितें, असें दिसून आलें. उपपत्ति मोठी सुबक होती.

परंतु २००३ सालीं फिलाडेल्फियाच्या संशोधकांनीं १०३ माणसांवर आठ आठवडे केलेल्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसत्या औषधविरहित गोळ्या दिल्या होत्या, त्यांचें घातक कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनीं उतरलें. ज्यांना गुगुलिपिड दिलें, त्यांचें उलट ४ ते ५ टक्क्यांनीं चढलें. कांहींच्या अंगावर पुरळहि उठला. दुसरी साक्ष ही अशी पहिलीच्या विरुद्ध गेली.

आश्चर्य असें, कीं मेदानें भरलेल्या यकृतावर औषध शोधणाऱ्यांनीं पुढें तोच ग्राहक हातीं धरला. मात्र त्याला अडविण्याऐवजीं चेतविण्याचा मार्ग पत्करला. म्हणजे गुग्गुळानें औषध दिलें नसेल, पण यकृताच्या एका गुप्त दाराकडे शास्त्रज्ञांचें लक्ष मात्र खचित वेधलें.

आणि त्या झाडाचें काय? डिंकाच्या लोभानें घातलेल्या खोल घावांनीं पुष्कळ झाडें वाळून गेलीं. जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत आज तें अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेलें आहे. जुन्या ग्रंथांतून चांगला प्रश्न मिळतो, ही त्या ग्रंथांची थोरवी. त्याचें उत्तर मात्र परीक्षेंतूनच यावयास हवें. आणि तें येईपर्यंत ज्याच्याविषयीं विचारावयाचें, तें झाड तरी उभें राहिलें पाहिजे.