ऑर्ग मोड

‘इमॅक्स’ या मजकूर-संपादक आज्ञावलीचा एक विभाग. टिपणे, कामांच्या याद्या, कोष्टके, लेख किंवा ग्रंथ यांचा मजकूर शीर्षके व उपशीर्षके यांच्या उतरंडीत लिहिण्यासाठी आणि ती उतरंड हवी तेव्हा मिटण्या-उघडण्यासाठी त्याचा उपयोग होतो. कार्स्टेन डॉमिनिक या ज्योतिर्विदांनी २००३ मध्ये त्याचा आरंभ केला. तेव्हापासून त्याची वाढ व निगा मुख्यत्वे स्वयंसेवकांनी केली आहे. ही आज्ञावली विकली जात नाही. तिचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो.

पूर्वपीठिका : लेखनाचा आराखडा आधी मांडून मग तो भरीत जाण्याची रीत संगणकापेक्षा पुष्कळच जुनी आहे. कागदावरील आराखड्याची अडचण अशी, की एखादे प्रकरण मागेपुढे करावयाचे म्हणजे सारे पुन्हा लिहावे लागते. ही अडचण संगणक दूर करू शकेल, हे डग्लस एंगेलबार्ट (१९२५–२०१३) यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील जाहीर प्रात्यक्षिकात दाखविले. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील त्यांच्या गटाने बनविलेल्या प्रणालीवर त्यांनी बाजारहाटाची एक साधी यादी घेतली, तिचे गट पाडले, ते मिटले व पुन्हा उघडले. त्या प्रात्यक्षिकातील ‘माउस’ पुढे जगभर गेला. मिटणारी यादी मात्र बराच काळ मागे राहिली.

डेव्ह वाइनर यांच्या ‘थिंकटँक’ (१९८३) व ‘मोअर’ (१९८६) या आज्ञावल्यांनी वैयक्तिक संगणकावर रूपरेषा-लेखन लोकप्रिय केले. त्या व्यापारी आज्ञावल्या होत्या. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि कालांतराने त्यांचा विकास थांबला. अशा वेळी ग्राहकापाशी मजकूर राहतो, परंतु तो उघडणारे साधन राहत नाही. रूपरेषा-संपादकांच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार आलेला आहे, आणि ऑर्ग मोडचे वेगळेपण समजण्यास तो ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

इमॅक्सची घडण : इमॅक्सचा पहिला अवतार १९७६ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत सिद्ध झाला. त्यात रिचर्ड स्टॉलमन (१९५३– ) यांचा वाटा मोठा होता. पुढे जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्स प्रणालीसाठी लिहिलेल्या इमॅक्सचे हक्क एका कंपनीस विकले गेले आणि तोवर हातोहात फिरणाऱ्या त्या मजकुरावर बंधने आली. या अनुभवाचा स्टॉलमन यांच्यावर खोल परिणाम झाला. १९८४ मध्ये त्यांनी ‘ग्नू इमॅक्स’ लिहिण्यास प्रारंभ केला व १९८५ पासून त्याचा प्रसार होऊ लागला.

ग्नू इमॅक्सचा लहानसा गाभा सी भाषेत आणि बाकी बहुतेक भाग लिस्प भाषेच्या एका बोलीत आहे. कोणत्याही आज्ञेचा मूळ मजकूर वापरणाऱ्यास तेथल्या तेथे उघडून पाहता येतो, बदलता येतो व आज्ञावली चालू असतानाच बदलाचा परिणाम अनुभवता येतो. वापरणारा व घडविणारा यांच्यातील भिंत येथे मुळातच ठेंगणी आहे. ऑर्ग मोडला कार्यकर्ते सतत का मिळत गेले, याचे निम्मे उत्तर या घडणीत आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आरंभ : डॉमिनिक हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील ज्योतिर्विद. नवजात ताऱ्यांभोवतालच्या धुळीच्या तबकड्या हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होय. आपली टिपणे व प्रकल्प यांची व्यवस्था लावण्यासाठी ते इमॅक्समधील जुनी ‘आउटलाइन’ पद्धती वापरू लागले. तीत ओळीच्या आरंभी एक ताराचिन्ह घातले की ते शीर्षक, दोन घातली की उपशीर्षक, असा साधा संकेत होता. परंतु मजकूर केवळ झाकण्या-उघडण्यासाठी अकरा निरनिराळ्या आज्ञा आणि प्रत्येकीसाठी दोन-तीन कळा लक्षात ठेवाव्या लागत. हे डॉमिनिक यांना असह्य झाले. त्यांनी ते सारे काम ‘टॅब’ या एका कळीवर आणले : ती एकदा दाबली की उपशीर्षके दिसतात, पुन्हा दाबली की सर्व मजकूर दिसतो, तिसऱ्यांदा दाबली की सारे मिटते. शाखा उचलून वरखाली नेणे व तिचा दर्जा बदलणे हेही तितकेच सोपे केले. त्यानंतर करावयाच्या कामांची खूण, दिनांक व कोष्टके यांची भर पडली.

मजकूर मात्र साधाच राहिला. ऑर्गची फाइल कोणत्याही संपादकात उघडते. ताराचिन्हे, उभ्या रेघा आणि कंसांतील दिनांक डोळ्यांनी वाचता येतात. उद्या ऑर्ग मोड नाहीसे झाले तरी टिपणे वाचता येतील. रूपरेषेसाठी एडवर्ड रीम यांनी घडविलेला ‘लिओ’ हा दुसरा मुक्त संपादक याच सुमाराचा असून त्यात एकच शाखा एकाच वेळी अनेक ठिकाणी ठेवता येते. कल्पना म्हणून ती ऑर्गहून धीट आहे, हे मान्य केले पाहिजे.

वाढ : जून २००७ मध्ये प्रसृत झालेल्या इमॅक्स २२.१ मध्ये ऑर्ग मोडचा अंतर्भाव झाला. त्यामुळे वापरणारे वाढले, आणि त्यांच्याबरोबर दोषांच्या तक्रारी, सूचना व दुरुस्त्याही वाढल्या. जॉन वीग्ली यांनी जोडपत्रांची व्यवस्था व सवयींची नोंद यांची भर घातली. बास्त्यां गेरी यांनी प्रारंभीच्या काळात अनेक विस्तार लिहिले. सर्वांत महत्त्वाची भर एरिक शुल्टे व डॅन डेव्हिसन यांच्या ‘बेबल’ या विभागाची होय. त्यायोगे टिपणातच निरनिराळ्या संगणकीय भाषांतील आज्ञा लिहून त्या तेथेच चालविता येतात व येणारे उत्तर खालोखाल उमटते. डॉनल्ड नुथ (१९३८– ) यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या, माणसाने वाचावयाचे विवेचन व यंत्राने पाळावयाच्या आज्ञा एकत्र लिहिण्याच्या कल्पनेचा हा विस्तार होता. शुल्टे, डेव्हिसन, टॉमस डाय व डॉमिनिक यांनी २०१२ मध्ये संख्याशास्त्रीय आज्ञावल्यांना वाहिलेल्या एका नियतकालिकात त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. संशोधकाने काढलेला आकडा कसा आला, हे वाचकास स्वतः पडताळता यावे, हा त्यामागील हेतू.

निगा : नवी सोय जोडणाऱ्याचे नाव होते, जुनी सोय मोडू न देणाऱ्याचे सहसा होत नाही. २०११ पर्यंत हजारो पत्रे वाचून उत्तरे देण्याचा भार एकट्या डॉमिनिक यांच्यावर होता, आणि तोही अध्यापन व संशोधन सांभाळून. आपणास विश्रांतीची नितांत गरज होती, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने नमूद केले आहे. २०११ मध्ये गेरी यांनी परिरक्षकाची धुरा घेतली. २०१३ मध्ये ती काही काळ पुन्हा डॉमिनिक यांच्याकडे आली व नंतर परत गेरींकडे गेली. पुढे इहोर रॅडचेन्को यांनी ती स्वीकारली. ज्या आज्ञावलीवर असंख्य लोकांचे रोजचे काम चालते, तिचा भार बहुधा एकाच माणसाच्या फावल्या वेळेवर टेकलेला असतो. ऑर्गपुरता पाहता विशेष हा, की प्रत्येक वेळी ती धुरा घेण्यास कोणीतरी पुढे आले.

या कामाचा बराच भाग रूक्ष आहे. ऑर्गचा मूळ मजकूर स्वतंत्रपणे जपला जातो व त्याची प्रत इमॅक्समध्ये जाते. तेथे इमॅक्सकर्त्यांनी परस्पर केलेले बदल उचलून मुळात आणावे लागतात. इमॅक्सच्या लगतच्या जुन्या आवृत्त्यांवरही सर्व चालले पाहिजे. सुमारे पंधरा ओळींहून मोठी भर घालणाऱ्यास आपला प्रताधिकार फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे लेखी सोपवावा लागतो, आणि प्रसंगी तो जेथे नोकरी करतो त्या संस्थेचीही संमती लागते. या अटीमुळे काही होतकरू मंडळी मागे फिरतात. गॉस्लिंग-प्रकरण आठवले म्हणजे अटीचे कारण समजते. तिचा जाच मात्र त्याने कमी होत नाही.

निकोला ग्वाझ्यू यांचे कार्य याच जातीचे. प्रारंभी ऑर्गच्या प्रत्येक भागात मजकुराचा अर्थ लावण्याची पद्धत निराळी होती, त्यामुळे एका भागात यादी ठरणारी ओळ दुसऱ्यात साधी ओळ ठरे. ग्वाझ्यू यांनी संपूर्ण मजकुराचे एकाच नियमाने विश्लेषण करणारा विभाग लिहिला व त्याच्या आधारे २०१३ मधील आवृत्ती ८.० मध्ये मजकूर अन्य स्वरूपांत नेणारी यंत्रणा नव्याने उभी राहिली. वरकरणी फारसे काही बदलले नाही, पण व्याकरण निश्चित झाले. जुन्या यंत्रणेवर बेतलेल्या अनेकांच्या खाजगी जुळण्या मात्र बिघडल्या. ९.२ या आवृत्तीत तर आज्ञांचा चौकोन घालण्याची एक तीन कळांची जुनी युक्ती मूळ मांडणीतून काढून वेगळ्या विभागात ठेवली, आणि एवढ्यावरूनही नाराजी उमटली. बोटांना लागलेली सवय ही एक प्रकारची वहिवाटच असते.

२०२४ मधील प्रसंग अधिक गंभीर होता. ऑर्गमध्ये लांबलचक दुव्यांना संक्षेप देता येतो व तो उलगडण्यासाठी एखाद्या कार्याचे नाव सांगता येते. हे नाव फाइलमध्येच लिहिलेले असल्याने कोणी दुष्टबुद्धीने रचलेली फाइल नुसती उघडताच संगणकावर हव्या त्या आज्ञा चालू शकत. पत्रासोबत आलेली फाइल इमॅक्समध्ये पाहणेही त्यासाठी पुरे होते. सोयीसाठी केलेली ही तरतूद वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांत आली नव्हती. दोष ध्यानात येताच २२ जून २०२४ रोजी ऑर्ग ९.७.५ आणि केवळ या दुरुस्तीसाठी इमॅक्स २९.४ प्रसृत करण्यात आली. मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असला की दोष आपोआप दिसतात, हा समज त्यामुळे सैल पडला. तो खुला असणे आणि कोणी तो नेटाने वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

देवनागरी लेखन : ऑर्गमध्ये मराठी मजकूर लिहिता येतो आणि शीर्षके, दिनांक व शोध यांत अडचण येत नाही. कोष्टकांत मात्र येते. स्तंभ सरळ ठेवण्यासाठी प्रत्येक अक्षराची रुंदी ठराविक मापाची धरलेली असते; जोडाक्षरे व मात्रा त्या मापात बसत नाहीत व उभ्या रेघा वाकड्यातिकड्या होतात. आशय बिघडत नाही, बेरजाही बरोबर येतात, परंतु पाहणाऱ्यास ते कोष्टक वाटत नाही. रुंदी पडद्यावरील प्रत्यक्ष मापाने मोजून रेघा जुळविणारे पूरक विभाग काहींनी लिहिलेले आहेत.