टनांत मोजलेला बेडूक

पर्यावरणाच्या इतिहासावर काम करायचं ठरलं की आपण आधी सरकारी आकडे शोधतो. ते मिळाले की हायसं वाटतं. पण आकडा नेमकं काय मोजतो आणि काय सोडून देतो, हे समजून घ्यायला बेडकाइतकं चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

बुलफ्रॉग म्हणजे पहिल्या पावसानंतर भातखाचरांत दिसणारा तो दांडगा बेडूक. विणीच्या दिवसांत नर पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या दिसतात. कोरडे महिने तो मातीत गाडून घेऊन काढतो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात त्याची शिकार होत आली ती रात्री. हॉटेलांत त्याचं टोपणनाव ‘जंपिंग चिकन’. साधनं फार लागत नाहीत, एक बत्ती किंवा बॅटरी आणि एक पोतं. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागीच थिजतो, मग हातानं उचलायचा.

खरं कौशल्य त्याच्या आधीचं आहे. कोणत्या रात्री निघायचं? मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो, पण नुसतं नक्षत्र बघून भागत नाही. वळवाची एखादी सरही पुरत नाही. पाऊस जोराचा हवा आणि खाचरांत, सड्यावरच्या खळग्यांत पाणी साचून राहायला हवं. मग अंधार पडला की डराव-डराव सुरू होतं. हा आवाज नर काढतात, माद्यांना बोलावण्यासाठी. म्हणजे मादी ज्या हाकेवर येते त्याच हाकेवर शिकारीही येतो. बेडकाची घाई समजण्यासारखी आहे. नव्या डबक्यात मासे नसतात, त्यामुळे अंडी वाचतात, पण उघडीप लांबली तर डबकंच आटतं. म्हणून बरीचशी वीण थोड्या रात्रींत उरकते. त्याच रात्री पोतं भरलं, तर अंडी घालण्याआधीच माद्या गेलेल्या असतात.

आता दुसरी बाजू. भारतातून बेडकांचे पाय अमेरिका आणि युरोपला जात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही निर्यात वर्षाला ४ हजार टनांच्या वर पोचली होती. १९८५ मध्ये ही जात साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि १९८७ मध्ये भारतानं निर्यात बंद केली. समजा एका किलोत पायांच्या २० जोड्या बसतात, तर ४ हजार टन म्हणजे ८ कोटी बेडूक. ४० जोड्या धरल्या तर १६ कोटी! एका गृहीतकानं उत्तर दुप्पट होतं, तेव्हा हे गृहीतक प्रबंधात लपवू नका. शिवाय घरी शिजलेले किंवा कॉलेजच्या डिसेक्शन ट्रेमध्ये गेलेले बेडूक यात नाहीतच. आणि हा माल केरळ, पश्चिम बंगालसारख्या राज्यांतूनही जायचा, त्यामुळे सगळा बोजा कोकणातल्या पोत्यावर टाकता येत नाही.

बेडूक गेले म्हणून किडी वाढल्या आणि कीटकनाशकं वाढली, असा युक्तिवाद बंदीच्या बाजूनं झाला. मला तो अर्धाच पटतो. बेडूक किडी खातो हे खरं, पण त्याच वर्षांत संकरित बियाणं आणि खतंही पसरत होती. दोन रेषा एकत्र वर गेल्या म्हणून एकीनं दुसरीला ढकललं असं होत नाही.

जुने पेपर शोधताना एक अडचण येईल. १९८०च्या दशकापर्यंतच्या लिखाणात हा प्राणी ‘राना टायग्रिना’ आहे, आज तो ‘हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस’ आहे. फक्त नवं नाव टाकून शोधलंत तर निर्यातीच्या काळातलं बहुतेक साहित्य हातातून निसटेल.

टनांच्या नोंदीत रात्र नाही, शेत नाही, नर-मादी नाही. ते सगळं शिकाऱ्याला माहीत असतं, पण वन्यजीव कायद्याखाली शिकार आता गुन्हा आहे. गोव्याचं वनखातं दर पावसाळ्यात तसं बजावतं. मुलाखत घ्यायची तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी, आणि वहीत नाव-गाव नको. त्यांना वर्ष विचारलंत तर बहुधा सांगता येणार नाही. पाऊस कधी लागला, त्या साली लावणी उशिरा झाली का, हे विचारा. त्यावरून हवामान खात्याच्या रोजच्या पावसाच्या नोंदींत तारीख शोधता येते.