बॉबस्लेचं कूळ लाकूडतोड्यांचं

बॉबस्ले या बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा इतिहास कुठेही वाचा, सुरुवात ठरलेली. स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ, तिथलं योहानेस बाडरुट यांचं कुल्म हॉटेल आणि हिवाळा घालवायला आलेले हौशी इंग्रज पाहुणे. त्यांनी गावातल्या सामानाच्या घसरगाड्या उतारावर सोडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना धडका बसू लागल्या, तेव्हा १८८४-८५ च्या हिवाळ्यात क्रेस्टा रन हा स्वतंत्र बर्फाचा मार्ग बांधला गेला. पुढे १८८८ च्या सुमारास विल्सन स्मिथ या इंग्रजाने दोन घसरगाड्या फळीने जोडल्या आणि बॉबस्ले जन्माला आली, असं सांगतात. हॉटेल खरं, पाहुणे खरे, धडकाही खऱ्या. जन्मकथा मात्र मला पटत नाही. बॉबस्लेचं घराणं अटलांटिकच्या पलीकडे, उत्तर अमेरिकेच्या जंगलांत आहे.

हा धागा मला सापडला तो तिथल्या लाकूडतोडीची वर्णनं वाचताना. झाडं पाडून ओंडके नदीकाठी न्यायचे, तेही ऐन हिवाळ्यात, बर्फावरून. लांबलचक ओंडक्यांखाली एकच लांब घसरगाडी घातली तर ती वळणावर अडकते. म्हणून पुढे एक आणि मागे एक अशा दोन आखूड घसरगाड्या घालत. पुढची खिळीवर फिरे, मागची तिच्यामागे वळे. अरुंद गल्लीतून लांब वासा नेताना दोघे जण लागतात आणि पुढचा वळला की मागचा अदमासाने वळतो, तीच ही युक्ती. या आखूड घसरगाडीला लाकूडतोडे ‘बॉब’ म्हणत.

रूढ समजूत वेगळी आहे. सेंट मॉरिट्झचे खेळाडू सरळ पट्ट्यात वेग वाढावा म्हणून सगळे मिळून पुढे-मागे झुलत आणि इंग्रजीत अशा हेलकाव्याला ‘बॉब’ म्हणतात, म्हणून हे नाव पडलं. ऐकायला छान आहे, पण कालक्रमात बसत नाही. हा शब्द १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातच अमेरिकेत रुळला होता, तेव्हा स्वित्झर्लंडच्या त्या उतारावर झुलणारं कुणी नव्हतं. ‘बॉब’चा दुसरा अर्थ छाटलेलं, आखूड. घोड्याच्या छाटलेल्या शेपटीलाही तेच विशेषण लागतं. १८५७ सालच्या ‘जिंगल बेल्स’ या गाण्यातला घोडा असाच आखूड शेपटीचा आहे. खेळाडू झुलत असतील, पण नाव त्यांच्या आधीचं आहे.

जंगलातून ही गाडी खेळात कशी आली? मधला दुवा मुलांचा. न्यू इंग्लंडमधली मुलं दोन घसरगाड्यांवर लांब फळी टाकून, ओळीने बसून टेकडीवरून सुसाट येत. ही करमणूक स्मिथच्या आधीची. सेंट मॉरिट्झला अमेरिकन पाहुणेही उतरत. त्यांच्यापैकीच कुणीतरी लहानपणीची ही युक्ती तिथे सांगितली असणार, अशी माझी खात्री आहे.

दुसरा पुरावा रस्त्याचा. लाकूडतोडे रात्री पाण्याच्या टाकीची घसरगाडी फिरवून वाट भिजवत. सकाळपर्यंत तिचा कडक बर्फ होई आणि घसरगाड्यांची पाती त्यावरून सहज सरकत. सेंट मॉरिट्झचा बॉबमार्गही दर हिवाळ्यात बर्फ आणि पाणी एवढ्यावरच नव्याने घडवतात. पाणी गोठवण्याची कला स्विस लोकांना सहज सुचू शकते, हे मान्य. म्हणून हा पुरावा मी दुय्यम मानतो.

स्केलेटन या घसरगाडीच्या दुसऱ्या खेळाशी तुलना केली की मुद्दा पक्का होतो. ती खरोखर क्रेस्टाची लेक. एकच खेळाडू पालथा, डोकं पुढे, हनुवटी बर्फापासून काही सेंटिमीटरवर. गाडी अखंड, खांदे आणि गुडघे दाबून सांगाडा किंचित पिळायचा, की ती वळते. नाव सांगाड्यावरून की घसरगाडीच्या ‘केल्के’ या नॉर्वेजियन शब्दावरून, हा वाद आहे. १९२८ आणि १९४८ मध्ये ती ऑलिंपिकमध्ये खेळली गेली, दोन्ही वेळा सेंट मॉरिट्झलाच. मग थेट २००२ मध्ये परतली. बॉबस्लेही त्याच अखंड गाडीतून वाढली असती, तर तिचे दोन तुकडे कशाला झाले असते?

आजही ते आहेत. चौघांच्या बॉबस्लेचं कवच पुढचं आणि मागचं अशा दोन भागांचं असतं, मधल्या सांध्यावर ते मुरडतं. चालक दोन कड्या ओढतो, दोर ताणले जातात आणि फक्त पुढची पाती वळतात. पुढचा बॉब वळला की मागचा येतो, हे ओंडके वाहणाऱ्यांचंच तंत्र.

१९२४ मध्ये शामोनीला बॉबस्ले ऑलिंपिकमध्ये आली. दोघांची शर्यत पहिल्यांदा झाली ती १९३२ मध्ये लेक प्लॅसिडला, ॲडिरोंडॅक पर्वतात, म्हणजे जिथून हिवाळाभर ओंडके वाहिले जात त्याच मुलखात. सुवर्णपदक तिथल्याच स्टीव्हन्स बंधूंनी जिंकलं. सेंट मॉरिट्झने या गाडीला घड्याळ, नियम आणि प्रतिष्ठा दिली. ते श्रेय त्यांचंच. गाडी मात्र लाकूडतोड्यांची, आणि खेळाच्या इतिहासात त्यांचं नाव पहिल्या पानावर यायला हवं.