मेसेन्कायमल मूलपेशी उपचार

मेसेन्कायमल मूलपेशी उपचार : अस्थिमज्जा, चरबी किंवा नवजात बालकाची नाळ यांतून वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या विशिष्ट पेशी रुग्णाच्या शरीरात सोडून अतिरेकी दाह शमवण्याची आणि इजा झालेल्या ऊतकाच्या दुरुस्तीला हातभार लावण्याची उपचारपद्धती. या पेशींना वैद्यकीय व्यवहारात ‘एमएससी’ म्हणतात. रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशी आणि एमएससी या दोन्ही अस्थिमज्जेत आढळत असल्या, तरी त्या भिन्न आहेत. रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण रक्ताचा कर्करोग, थॅलसीमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांवर अनेक दशके रूढ आहे. एमएससींचे सिद्ध झालेले उपयोग मात्र मोजके आहेत; ‘स्टेम सेल उपचार’ या नावाखाली होणाऱ्या जाहिरातींत सांगितलेले बहुतेक उपयोग अजून सिद्ध व्हायचे आहेत.

इतिहास : १९६०–७०च्या दशकांत मॉस्को येथे अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन आणि त्यांचे सहकारी अस्थिमज्जेतील पेशींचा अभ्यास करीत होते. मज्जेतील काही थोड्या पेशी भांड्याच्या तळाला चिकटून राहतात, एकेका पेशीपासून त्यांची वसाहत वाढते आणि प्राण्याच्या शरीरात रोपण केल्यास त्यांपासून हाड तयार होते, असे त्यांना दिसून आले. अमेरिकेत क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. मार्क पिटेंजर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सायन्स या नियतकालिकात, माणसाच्या मज्जेतील अशा पेशींपासून हाड, कूर्चा आणि चरबी या तिन्ही प्रकारच्या पेशी प्रयोगशाळेत घडवता येतात, असे दाखवून दिले. झिजलेल्या कूर्चेत वा निकामी झालेल्या हृदयस्नायूत या पेशी सोडल्या की त्या तेथील पेशींचे रूप घेतील आणि ती जागा भरून काढतील, अशी आशा त्या काळात निर्माण झाली.

पुढे संशोधनाने वेगळेच वळण घेतले. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील कतारिना ल ब्लांक यांच्या गटाने २००४ मध्ये द लॅन्सेटमध्ये एका ९ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. रक्ताच्या कर्करोगासाठी केलेल्या प्रत्यारोपणानंतर दात्याच्या प्रतिकारपेशी मुलाच्या आतड्यांवर आणि यकृतावर तुटून पडल्या होत्या. या विकाराला जीव्हीएचडी म्हणतात. स्टेरॉइडसह सर्व औषधे थकल्यावर त्याला आईच्या मज्जेतून वाढवलेल्या एमएससी शिरेवाटे देण्यात आल्या आणि विकार आटोक्यात आला. येथे कोणतेही ऊतक नव्याने घडवायचे नव्हते; बेफाम झालेली प्रतिकारयंत्रणा शांत करायची होती. त्यानंतर संशोधनाचा भर ‘जागा भरणाऱ्या पेशी’ या कल्पनेकडून ‘दाह शमवणाऱ्या पेशी’ या कल्पनेकडे सरकला. खुद्द कॅप्लन यांनीही २०१७ मध्ये, या पेशी औषधी संकेत देण्याचे काम करतात आणि त्यांना मूलपेशी म्हणणे सोडून द्यावे, असे लेख लिहून सुचवले.

स्रोत व ओळख : अस्थिमज्जेत दर दहा हजार ते एक लाख केंद्रकयुक्त पेशींमागे जेमतेम एक एमएससी सापडते. लायपोसक्शनने काढलेली चरबी, नाळेतील व्हार्टन जेली हा मऊ भाग आणि दातांचा गर हेही तिचे स्रोत आहेत. आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संस्थेने २००६ मध्ये ओळखीच्या तीन किमान कसोट्या ठरवून दिल्या : पेशी प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला चिकटली पाहिजे, तिच्या पृष्ठभागावर सीडी७३, सीडी९० व सीडी१०५ ही प्रथिने असावीत आणि सीडी३४, सीडी४५ यांसारख्या रक्तपेशींच्या खुणा नसाव्यात, आणि प्रयोगशाळेत तिच्यापासून हाड, चरबी व कूर्चा यांच्या पेशी घडवता आल्या पाहिजेत. या कसोट्या पेशीची ओळख पटवतात; ती रुग्णाच्या शरीरात किती प्रभावी ठरेल, हे त्यांवरून कळत नाही.

निर्मिती : निरोगी दात्याच्या कंबरेच्या हाडाची जागा बधिर करून जाड सुईने काही मिलिलिटर मज्जा ओढून घेतात. अपकेंद्रित्राने तिच्यातील तांबड्या पेशी वेगळ्या करून उरलेला भाग पोषक द्रवासह सपाट प्लॅस्टिक फ्लास्कमध्ये ३७° से. तापमानात, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या उबवणी यंत्रात ठेवतात. काही दिवसांनी द्रव बदलताना तरंगणाऱ्या रक्तपेशी धुऊन जातात आणि तळाला चिकटलेल्या, चातीसारख्या निमुळत्या पेशी मागे राहतात. फ्लास्कचा तळ भरत आला की ट्रिप्सिन या विकराने त्या सोडवून अनेक फ्लास्कमध्ये वाटतात. असे काही फेरे झाले की मूठभर पेशींपासून कोट्यवधी पेशी मिळतात. मग जंतुदोष, गुणसूत्रांतील बिघाड आणि जिवंत पेशींचे प्रमाण यांची तपासणी होते. पेशी गोठताना आत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटू नयेत म्हणून डीएमएसओ हे द्रव्य मिसळतात आणि कुप्या द्रव नायट्रोजनच्या वाफेत साठवतात. रुग्णाला द्यायच्या वेळी कुपी वितळवून त्यातील द्रव सलाइनमधून सावकाश सोडला जातो. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोग्रॅममागे २० लाख पेशी अशी असते. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाला एका वेळी ४ कोटी पेशी लागतात.

दाता, त्याचे वय, पोषक द्रव, फेऱ्यांची संख्या आणि गोठवण-वितळवणीची रीत यांतील प्रत्येक फरकाने पेशींचा गुण बदलतो. एकाच नावाने दोन प्रयोगशाळांनी तयार केलेले औषध सारखे असेलच असे नाही. चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, याचे हे एक मोठे कारण आहे.

कार्यपद्धती : शिरेवाटे दिलेल्या पेशींपैकी बहुतेक फुप्फुसांतील सूक्ष्म केशवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. तरीही दूरच्या अवयवावर परिणाम दिसतो. अमेरिकेतील डार्विन प्रॉकॉप यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून या कोड्याचा एक भाग उलगडला. फुप्फुसांत अडकलेल्या मानवी पेशी टीएसजी-६ हे दाहशामक प्रथिन स्रवू लागल्या आणि त्यामुळे इजा झालेल्या हृदयाचे नुकसान कमी झाले.

एमएससींना आपले काम करण्यासाठी दाहाचीच चिथावणी लागते. दाह झालेल्या भागातील इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही द्रव्ये मिळाल्यावर त्या प्रोस्टाग्लँडिन ई२, टीजीएफ-बीटा अशी द्रव्ये सोडतात. आयडीओ हे त्यांचे विकर ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लाचा फडशा पाडते; त्यामुळे हल्लेखोर टी-पेशींची वाढ खुंटते. भक्षक पेशी आक्रमक रूप सोडून मलबा उचलणाऱ्या व जखम भरणाऱ्या रूपात जातात आणि नियंत्रक टी-पेशींचे बळ वाढते. उंदरांच्या एमएससी आयडीओऐवजी मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडवर भिस्त ठेवतात. म्हणून उंदरांवरील यश माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही. काही एमएससी सूक्ष्म पुटिका आणि प्रसंगी स्वतःच्या तंतुकणिकाही शेजारच्या दुखावलेल्या पेशींना देतात, असेही प्रयोगांत आढळले आहे.

लंडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली. जीव्हीएचडीच्या ज्या रुग्णांच्या मारक पेशी दिलेल्या एमएससींना चटकन ठार करत होत्या, त्याच रुग्णांना गुण येत होता. मरणाऱ्या एमएससी गिळणाऱ्या भक्षक पेशीच पुढे दाह शमवण्याचे काम हाती घेतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा उपचार कोणाला लागू पडेल हे आधी ओळखण्याची वाट त्यातून दिसते.

मान्यता मिळालेले उपयोग : स्टेरॉइडला दाद न देणारा तीव्र जीव्हीएचडी हा या पेशींचा सर्वाधिक अभ्यासलेला उपयोग आहे. ऑसायरिस कंपनीच्या औषधाची मोठी चाचणी २००९ मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. मात्र मुलांमधील परिणाम आशादायक वाटल्याने कॅनडाने २०१२ मध्ये त्याला सशर्त परवानगी दिली. जपानने २०१५ मध्ये टेमसेल या औषधाला मान्यता दिली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑसायरिसच्या औषधाचा पुढे मेसोब्लास्ट कंपनीने विकसित केलेला प्रकार २०२० व २०२३ मध्ये परत पाठवला आणि अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘रायऑन्सिल’ या नावाने दोन महिन्यांवरील मुलांसाठी मंजूर केला. अमेरिकेत मंजूर झालेले हे पहिले एमएससी औषध होय. ज्या चाचणीवर ही मंजुरी आधारली होती, तिच्यात ५४ मुले होती आणि २८व्या दिवशी सुमारे ७० टक्के मुलांत सुधारणा दिसली. आठवड्यातून दोनदा, असे चार आठवडे हे औषध देतात. बाजारात येताना एका मात्रेची जाहीर किंमत १,९४,००० डॉलर होती.

क्रोन आजारात गुदद्वाराभोवती होणाऱ्या गुंतागुंतीच्या भगंदरासाठी युरोपीय संघाने २०१८ मध्ये ‘अलोफिसेल’ला मान्यता दिली. चरबीपासून मिळवलेल्या १२ कोटी पेशी भगंदराच्या भिंतीत टोचल्यावर २४ आठवड्यांनी ५० टक्के रुग्णांत तो भरून आला. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३४ टक्के होते. पुढच्या मोठ्या चाचणीत हा फरक टिकला नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने हे औषध युरोपातून मागे घेतले. दक्षिण कोरियाने हृदयविकाराचा झटका (२०११) आणि गुडघ्याची कूर्चा (२०१२) यांसाठी एमएससी औषधांना परवानगी दिली आहे.

गुडघ्याच्या संधिवाताबाबत निकाल संमिश्र आहेत. अमेरिकेतील ४७५ रुग्णांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मज्जा, चरबी आणि नाळ या तिन्ही स्रोतांतील पेशींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली गेली. वर्षभरानंतर वेदनेच्या बाबतीत एकही पेशी-उपचार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. कोविडमुळे फुप्फुसे गंभीररीत्या निकामी झालेल्या रुग्णांवरील मेसोब्लास्टची चाचणीही डिसेंबर २०२० मध्ये, मृत्युदर घटण्याची शक्यता दिसेना म्हणून थांबवण्यात आली.

धोके : नियमबद्ध चाचण्यांत शिरेवाटे दिलेल्या एमएससींनंतर थोडा वेळ ताप येणे हा मुख्य त्रास आढळला आहे. या पेशींच्या पृष्ठभागावरील काही द्रव्यांमुळे रक्त गोठू शकते. म्हणून मात्रा, वेग आणि पेशींचा दर्जा यांवर काटेकोर लक्ष ठेवावे लागते. गंभीर हानी प्रामुख्याने चाचणीच्या चौकटीबाहेर झाली आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात तीन वृद्ध स्त्रियांनी वयोमानाने मंदावलेली दृष्टी सुधारावी म्हणून पैसे भरून उपचार घेतले. त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या आणि तिघींचीही दृष्टी बहुतांशी गेली. द न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने २०१७ मध्ये ही प्रकरणे नोंदवली. ‘स्वतःच्याच पेशी आहेत, मग अपाय कसला’ हा युक्तिवाद टिकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतातील स्थिती : बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने अनेक दात्यांच्या मज्जेतील पेशी एकत्र करून ‘स्टेमप्यूसेल’ हे औषध विकसित केले. बर्जर आजारामुळे पायाचा रक्तपुरवठा तुटलेल्या रुग्णांसाठी त्याला २०१६ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. या आजाराचे मूळ विडी-सिगारेटच्या व्यसनात असते. ऐन उमेदीतल्या पुरुषांच्या पायाची बोटे काळी पडतात आणि पाय कापण्याची वेळ येते. हे औषध पोटरीच्या स्नायूत टोचतात. तंबाखू सुटल्याखेरीज मात्र कोणताही उपचार टिकत नाही. गुडघ्याच्या संधिवातासाठीही या औषधाला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मूलपेशींवर मूलभूत संशोधन चालते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसाठी होणारे रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच रूढ उपचार मानला जातो. मूलपेशींचा अन्य वापर हे संशोधन ठरते आणि ते मंजूर चाचणीतच करावे लागते. २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांत मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन हे ‘नवीन औषध’ गणले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेवर मूलपेशी उपचार करू नयेत, अशी शिफारस केली. तरीही स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा अशा आजारांसाठी लाखो रुपये घेऊन हे उपचार देऊ करणारी केंद्रे देशात आढळतात.

मूल्यमापन : दोन दशकांच्या चाचण्यांनंतर, काही मुलांतील तीव्र जीव्हीएचडीत या पेशी दाह शमवतात, असे म्हणण्यास चांगला आधार आहे. झिजलेले वा मेलेले ऊतक त्या नव्याने घडवतात, याला माणसांमधील भक्कम पुरावा मिळालेला नाही. हा उपचार कोणी सुचवल्यास रुग्णाने दोन गोष्टी विचाराव्यात : या आजारासाठी औषधाला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, आणि नसल्यास ही भारतीय चाचणी नोंदवहीत नोंदवलेली चाचणी आहे का. चाचणी असल्याचे सांगून उपचाराचे पैसे मागितले जात असतील, तर नकार द्यावा. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सहभागी रुग्णाकडून असे शुल्क घेता येत नाही.