बार्शीच्या चाचणींतील चवथा गट

सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईचें टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह त्यानें १९९९ सालीं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक मोठी चाचणी आरंभिली. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया तींत होत्या. गांवांचे ५२ समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्या तसे ते चार गटांत वांटले. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तीन निराळ्या रीतींनीं झाली. चवथ्या गटांतील ३१,४८८ स्त्रियांना केवळ माहिती व नेहमीची सेवा मिळाली.

२००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटांत या रोगानें ३४ मृत्यु, चवथ्यांत ६४! एकदांच केलेल्या तपासणीनें मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटतात, याचा भक्कम पुरावा जगाला येथून मिळाला.

मग वाद पेटला. पेशींची तपासणी पाश्चात्य देशांत कित्येक दशकें रूढ असतां ती या स्त्रियांना कां नाकारली, असें टीकाकारांनीं विचारलें. भारतांतील खेड्यांत ती मुळीं होतच नव्हती, तेव्हां कोणाचें कांहीं हिरावलें नाहीं, असें उत्तर आलें. तें उत्तर अगदींच पोकळ नाहीं; पण ज्यांच्या दारिद्र्यावर तें उभें आहे, त्यांना तें पटवून देणें कठीण. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठीं २०१९ च्या नियमांनीं नैतिकता समितींत किमान सात सभासद ठरविले. त्यांत एक सामान्य नागरिक आणि एक तरी स्त्री असावीच लागते.