गणोच्या काठावरची कवडी

गणो म्हणजे बंजारा बाई डोक्यावर घागर घेते तेव्हा चुंबळीमागून पाठीवर सोडलेला भरतकामाचा तुकडा. जाड कापड, त्यावर लाल-पिवळ्या-निळ्या दोऱ्याचे चौकोन-त्रिकोण, टाक्यांच्या गराड्यात बसवलेले आरसे आणि खालच्या काठाला कवड्यांची ओळ. घागर घेऊन बाई चालू लागली की त्या कवड्या वाजतात. लोणार, मेहकर, वाशिमकडच्या तांड्यांत वापरातून गेलेले असे तुकडे आता पेटीत घडी घालून ठेवलेले असतात.

लोणारचं सरोवर खारट खरं, पण त्यात कवडी होत नाही. ती समुद्राची, आणि जुन्या काळी हिंदुस्थानात आलेल्या कवड्यांचा मोठा वाटा मालदीव बेटांचा. तिथले लोक नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडत. कवड्या त्यांना चिकटत. १३४३-४४ साली तिथे काझी असलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय, की आतला जीव कुजेपर्यंत कवड्या खड्ड्यात ठेवायच्या आणि मग त्या बंगालला देऊन तांदूळ आणायचा. बेटावर भात पिकत नव्हता, बंगालला सुटी नाणी हवी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये रुपयाला सुमारे ५१२० कवड्या हा ठरीव हिशेब होता.

चलनातून बाद झाल्यावर कवडी कापडावर गेली असं सांगतात. मला ते पटत नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ बघा. खर्चायचं नाणं आणि देवीचं लेणं ही दोन्ही कामं कवडीने एकाच वेळी केली आहेत.

बंजाऱ्यांच्या बैलांवर समुद्रकाठचं मीठ आत येई आणि आतलं धान्य बाहेर जाई. सतराव्या शतकात ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिले. त्या बैलांच्या झुलींनाही कवड्या असत. बाईचं घर बैलाच्या पाठीवर, मुक्काम रोज नवा; अंगावरचं कापड तेवढं कायम सोबत. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि बैलांचा धंदा बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली फिरत्या जमातींवर पहारा आला; कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. तोवर चालता तांडा गावाबाहेरची वस्ती झाला होता.

वाट संपली, पण ताटातूट राहिली. मुलगी सासरी निघताना ढावलो म्हणते. रडत गायचं हे गाणं तिला आधीपासून शिकवलेलं असतं. सोबत आई-आजीने भरलेले तुकडे जातात. पुन्हा कधी भेट होईल याचा नेम नसलेल्या काळात मागे राहिलेल्या घराची खूण म्हणून हातात तेवढंच असे.

कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय. २०२३ च्या जुलैत हंपीच्या जी-२० बैठकीवेळी अशा १७५५ नगांच्या प्रदर्शनाचा विश्वविक्रमही झाला. चांगलंच झालं. पण विक्रीसाठी केलेल्या उशीच्या अभ्र्यावर कवडी नुसती शोभेला उरते. ती वाजायला चालणारी बाई लागते.

तुमच्या घरी, ओळखीत जुना गणो असेल तर तो फेरीवाल्याला मिळेल त्या भावाने देऊ नका. कोणी भरला, कुठल्या तांड्यावरून कुठे आला, हे आजी सांगू शकते तोवर एका कागदावर लिहा आणि तो कागद त्याच घडीत ठेवा.