फुटपाथच्या कडेवर चाक आदळणे : मोटारीतील बिघाडाचे निदान

धावत्या मोटारीचे चाक फुटपाथच्या किंवा रस्तादुभाजकाच्या कडेवर आदळल्यानंतर टायर, रिम, स्टिअरिंग व सस्पेन्शन यांतले काय वाकले, काय सैल झाले हे शोधण्याची तपासणी. भारतात वाहने डावीकडून चालतात; त्यामुळे फुटपाथशी गाठ बहुधा डाव्या पुढच्या चाकाची पडते, दुभाजकाशी उजव्या.

बहुतेक लहान मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने 1940 च्या दशकात आखलेल्या या रचनेत वरचा आर्म नसतो, चाकाला वरून शॉकअ‍ॅब्सॉर्बरच धरून ठेवतो. म्हणून आडवा धक्का त्याच्या दांड्यालाही वाकवू शकतो. पण सर्वांत सडपातळ भाग म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा टाय रॉड. तो वाकला की गाडी सरळ धावताना स्टिअरिंग वाकडे राहते.

तपासणी टायरपासून सुरू करावी. साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात आणि टायर बदलण्यावाचून उपाय नसतो. फुगा आतल्या अंगालाही येतो. तो वरवर पाहून दिसत नाही, चाक काढूनच पाहावे. रिम वाकली असेल तर ठरावीक वेगाला थरथर जाणवते. चाक आणि मडगार्ड यांतले अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. एक चाक मागे सरकलेले आढळले तर लोअर आर्म, त्याचे बुश किंवा सबफ्रेम तपासावी.

मग गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावावेत. चाक डाव्या-उजव्या कडांनी धरून हलवल्यावर खडखडले तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक, वर-खाली धरून हलले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरताच ढिलाई गेली, तर दोष बेअरिंगचा. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते; उजव्या वळणावर ती चढत असेल तर बहुधा डावे चाक.

व्हील अलाइनमेंट यानंतरच करावी. अलाइनमेंट हे मोजमाप आहे, दुरुस्ती नव्हे, आणि सर्वाधिक चूक नेमकी इथे होते. अनेक लहान गाड्यांत पुढे फक्त टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) जुळवता येतो. वाकलेला टाय रॉड आट्यांवर फिरवून टोचा आकडा बरोबर आणता येतो, रिपोर्ट हिरवा दिसतो आणि वाकलेला रॉड तसाच राहतो. त्यामुळे दोन्ही टाय रॉडचे लॉकनटबाहेर दिसणारे आटे मोजून पाहावेत. त्यांत ठळक फरक असेल तर काहीतरी वाकल्याचा संशय घ्यावा. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंग अक्षाचा कल) जुळवण्याची सोय नसलेल्या गाडीत त्यांचे आकडे मर्यादेबाहेर गेले, तर वाकलेला किंवा सरकलेला भाग शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यासाठी कॅम्बर व स्टिअरिंग अक्षाचा आतल्या बाजूचा कल यांची बेरीज दोन्ही बाजूंना पडताळावी. बेरीज जुळत नसेल तर स्ट्रट किंवा चाक बसवलेला नकल वाकलेला असतो. ती जुळूनही कॅम्बर चुकत असेल तर लोअर आर्म किंवा सबफ्रेम पाहावी.

वाकलेला भाग तापवून, ठोकून सरळ करू नये. पोलादाची ताकद घटते, बारीक चिरा नजरेला दिसत नाहीत, आणि हाच भाग चाकाला दिशा देतो.

धक्का मागच्या चाकाला बसला असेल तर मागची चाके जोडणारा टॉर्शन बीम वाकून गाडी किंचित तिरकी धावते. मागच्या चाकांची दिशा लक्षात न घेता फक्त पुढे जुळवले तर स्टिअरिंग मध्यावर राहत नाही. स्थिरता नियंत्रण असलेल्या अनेक गाड्यांत दुरुस्तीनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो.